ओनियनचे पाच

दुपारी दोनला तुर्भ्याचा बाजार निवतो.
गाळ्यात पंख्याखाली नुसती टरफलं फिरतात.
तेव्हा पोखरकर रिकामं बारदान अंथरतो
आणि मी काट्यामागून काढतो
तो डबा.

शेठच्या मुलीचा होता. ती कॅनडाला गेली,
शब्द इथेच राहिले :
शंभरातल्या सत्त्याण्णव सोंगट्या,
एक 'व्ही' उंदराने कुरतडलेला,
हरवलेल्या तीन 'ई'च्या जागी शर्टाची बटणं.

पोखरकर जुन्नरकडचा, सातवी नापास,
एकोणतीस वर्षं पाठीवर पोती.
इंग्रजी अक्षरं त्याला गोणीवरच्या मार्क्यांसारखी येतात :
आधी भाव, मग नाव,
अर्थ आलाच तर शेवटी.
'झेड' दहाला. 'क्यू' दहाला. 'के' पाचला.
पिशवीत हात घालून सोंगटी चाचपतो तेव्हा
त्याचा चेहरा जुन्या दलालांसारखा होतो,
रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरवणाऱ्या :
डोळे तिसरीकडे,
सगळा बाजार बोटांत.

पंच शाहीन. मुश्ताक चहावाल्याची, अकरावी सायन्स.
मांडीवर जाडजूड डिक्शनरी.
तिच्यापुढे ओळख चालत नाही, उधारीही नाही.

पहिल्याच आठवड्यात मी 'ओनियन' लावला होता.
पाच अक्षरं, पाच गुण.
एकेक अक्षर एकेकाला,
अख्ख्या डब्यात याहून स्वस्त माल नाही.
पोटॅटो आठ. गार्लिक नऊ.
"खेळ काढणारा आपल्या बाजारात येऊन गेलाय,"
पोखरकर म्हणाला,
आणि न विकलेल्या ढिगाकडे बघत राहिला.

मग लाख. लाख चालतो त्यांच्यात, अकरा गुण.
आणि क्रोर, म्हणजे आपला कोटी, सात.
तेवीस वर्षं वह्या लिहितोय,
लाखापेक्षा कोटी हलका
हे फक्त या बारदानावर पाहिलं.
एकदा 'गाळा' लावायला गेलो, तर 'ळ' कुठल्याच पिशवीत नाही.
झाला 'गाला'.
शाहीनने पानावरून बोट फिरवलं : आहे.
म्हणजे जल्लोष. पाच.
आम्ही तिघांनी वर बघितलं,
टेकू दिलेलं छत, बाहेर आलेल्या सळया.

परवा पोखरकरला काही सुचेना.
त्याच्या पट्टीवर चार 'आय', दोन 'ए', एक कोरी.
कोरी तो लावत नाही.
तिला भाव शून्य,
पण तिचं काहीही होऊ शकतं, म्हणून.

चहावर साय आली.
शेवटी पटावरच्या एका 'ए'ला खेटून
त्याने एक 'आय' ठेवला.
"आई," म्हणाला. "दुसरं काय लावू?"
मी म्हटलं, हे मराठी झालं, चालणार नाही.
शाहीन पानं उलटत होती.
"आहे," ती म्हणाली. "प्राणी आहे.
झाडाला लटकून असतो. तीन बोटांचा. फार हळू चालतो.
दोन गुण."

पोखरकर हसला, डोळ्यांत पाणी येईतो हसला.
मग म्हणाला, आमची तशीच होती की.
ओतूरला चिंचेखाली कोथिंबीर घेऊन बसायची.
उजव्या हाताला तीनच बोटं,
दोन कडब्याच्या यंत्रात गेलेली.
जुड्या मोजायची मात्र पाचापर्यंत,
गिऱ्हाईक बोटांकडे बघायचं,
ती गिऱ्हाइकाकडे.

"दोनच का गं?" त्याने शाहीनला विचारलं.
"नियम आहे, काका."
तिने डिक्शनरी मिटली नाही, बोट तिथेच ठेवलं.

आमचा हिशेब खातेवहीच्या शेवटच्या पानावर असतो.
मी लिहिलं :
पोखरकर. आई. नग एक. दोन.

तेवढ्यात गेटातून नारायणगावचा ट्रक वळला.
पोखरकरने बारदान झटकून डोक्यावर घेतलं,
सोंगट्या मी ओंजळीने भरल्या, घाईत.
संध्याकाळी मोजल्या.
शहाण्णव.
कोरी एकच सापडेना.